सावलीच्या बाल्कनीत तेरडा

मीरा रोडला घर घेताना माणसं स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, मेट्रो कुठून जाते, सगळं विचारतात. बाल्कनीची दिशा विचारलीच तर ती वास्तूसाठी, झाडांसाठी नव्हे. मग पहिल्याच पावसाळ्यात काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या रोपवाटिकेतून कळ्यांनी लगडलेला गुलाब घरी येतो, सोबत जास्वंद आणि मोगरा. दिवाळीपर्यंत गुलाबाच्या काड्या उरतात, जास्वंद पानांवर समाधान मानते आणि घरातलं कुणीतरी जाहीर करतं, ‘आपल्याकडे काही जगत नाही.’ या तिन्ही झाडांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि समोर पंधरा मजली टॉवर उभा असलेल्या बाल्कनीत ते मिळत नाही, एवढंच त्यातलं खरं. खतं बदलून, कुंडी बदलून, झाडाशी गोड बोलून ऊन वाढत नाही.

अशा बाल्कनीसाठी माझा सल्ला ठाम आहे: पावसाळ्यात तेरडा लावा. आणि त्यातही बाल्कनी उत्तरेची असेल तर आधी लावा.

कारण आकाशात आहे. मीरा रोड साधारण सव्वाएकोणीस अक्षांशावर येतं. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेकडून जातो. म्हणजे वर्षभर अंधारी म्हणून हिणवलेली उत्तरेची भिंत याच दिवसांत उजेडात असते. ऑगस्टच्या मध्यावर सकाळी साधारण साडेनऊपर्यंत आणि दुपारी पावणेचारनंतर तिरपं ऊन उत्तरेला येतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते सकाळी आठपर्यंतच टिकतं आणि संध्याकाळी पाचनंतर थोडं डोकावतं. २३ सप्टेंबरच्या आसपास ते संपतं ते थेट मार्चच्या उत्तरार्धापर्यंत. अर्थात मधे ढग असतात आणि समोरची इमारतही असते, पण ढगाळ आकाशाचा पसरट उजेडदेखील झाडाला कामी येतो. आता तेरड्याचं वेळापत्रक पाहा. मृगाच्या पावसावर उगवायचं, श्रावणात कळ्या धरायच्या, भाद्रपदात भरभरून फुलायचं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वाळून जायचं. उत्तरेच्या खिडकीत उजेड असतो तेवढ्याच महिन्यांत या झाडाचा सगळा जन्म आटोपतो. गुलाबाला बारमाही ऊन पुरवण्यापेक्षा हे सोपं नाही का?

तेरड्याला सावली आवडते असं रोपवाटिकावाले सांगतात, ते अर्धंच खरं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळा सरता सरता जांभळट गुलाबी गालिचा पसरतो, त्यात तेरड्याच्याच कुळातली एक ठेंगणी जात असते. ते पठार उघडंबोडकं आहे, झाडाची सावली औषधालाही नाही. पण तिथे धुकं आहे, हवा गार आहे, कातळावरच्या पातळ मातीत ओल टिकलेली आहे. या कुळाला मुळाशी ओलावा आणि अंगाला थंडावा हवा असतो. मीरा रोडला एप्रिल-मेच्या उन्हात तेरडा लावला तर तो दुपारी बारालाच मान टाकतो, आणि जुलैत त्याच जागी मजेत उभा राहतो. अंधारात मात्र तो फुलत नाही. दोन विंगांच्या मधल्या डक्टकडे उघडणारी खिडकी किंवा दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते अशी ड्राय बाल्कनी असेल, तर तेरडाही नको. तिथे मनी प्लांट ठेवा आणि फुलांचा नाद सोडा. परीक्षा सोपी आहे. दुपारी बाराला कुंडीच्या जागी पांढऱ्या कागदावर हात धरा. हाताची कडा कळेल इतपत पुसट सावली पडली, तर तेरड्याला उजेड पुरेसा आहे. काहीच सावली पडली नाही तर जागा बदला.

वरच्या मजल्याचा स्लॅब बाहेर आलेला असेल तर जूनमधलं उंचावरचं ऊन आत शिरत नाही. म्हणून कुंड्या भिंतीलगत न ठेवता ग्रिलजवळ ठेवाव्यात. ग्रिलजवळ म्हणजे ग्रिलच्या आत. कठड्याबाहेर लटकवलेली ओली कुंडी आठ-दहा किलोची असू शकते, आणि खाली माणसं चालतात.

बी आणि पेरणी

दुकानात पाकिटावर बहुधा ‘बाल्सम’ असं छापलेलं असतं. त्यात दोन स्वभाव असतात आणि घेण्याआधी ठरवायला हवं. ठेंगणी जात वीतभर ते फूटभर वाढते, बुंध्यापासून फांद्या फोडते आणि कुंडीत शोभते. उंच जात दोन-अडीच फुटांपर्यंत सरळ जाते, फुलं खोडाला चिकटून पानांच्या बेचक्यांतून येतात आणि लांबून पाहिलं तर पानांआड दडतात. बाल्कनीच्या शोभेसाठी ठेंगणी, गौरीसाठी उंच. गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांचा तेरडा देखणा असतो, पण मुसळधार पावसात त्याची फुलं पाणी पिऊन जड होतात आणि कुजतात. उघड्या सज्जात एकेरी पाकळीचा गावठी तेरडाच टिकतो. मला तोच जास्त आवडतो, हेही कबूल करतो.

घोडबंदर, चेणे, येऊर या बाजूच्या डोंगरउतारांवर पावसात रानतेरडा दिसतो, आणि सहलीवरून परतताना दोन रोपं उपटून आणायचा मोह होतो. तो टाळा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली रोपं काढणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, आणि तसंही मुळं दुखावलेला तेरडा लोकलच्या प्रवासात मलूल होतो. दहा-वीस रुपयांच्या बियांतून निघणारं काम आहे हे.

मातीबद्दल दोन शब्द जास्त बोलावे लागतील, कारण बहुतेक तेरडे मातीमुळे मरतात. रोपवाटिकेत मिळणारी लाल माती एकटी वापरली की चार जोरदार सरींत ती थापली जाते, वर पाणी तळ्यासारखं साचतं आणि खोड बुंध्याशी तपकिरी, मऊ पडून एका रात्रीत कोसळतं. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, वर एक-दोन मुठी जाड रेती आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला पाहिजे. आठ इंची कुंडीत एकच रोप. तळाला भोकं आहेत ना, आणि ती खरोखर उघडी आहेत ना, हे पेचकस घालून तपासा. प्लास्टिकच्या कुंड्यांत भोकं नुसती उठवलेली असतात, पाडलेली नसतात. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. तिच्यात साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

पेरणी सरळ कुंडीत केली तर उत्तम. बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नका, प्रत्येक कुंडीत तीन-चार टाका आणि पहिले काही दिवस वर्तमानपत्राने किंवा जुन्या फडक्याने पाऊस अडवा, कारण पागोळ्यांचा थेंब बी उसळवून बाहेर फेकतो. पाच ते आठ दिवसांत कोंब येतात. चार पानं झाली की सगळ्यांत धट्टंकट्टं रोप ठेवून बाकीची खुडा. इथे पुष्कळांचा जीव तुटतो आणि एका कुंडीत चार रोपं राहतात. मग ती उजेडासाठी एकमेकांवर चढतात, दांडे लांब आणि बारीक होतात आणि फुलं मोजकीच येतात. काढलेली रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट अलगद उचलली तर शेजाऱ्यांना देता येतात.

ठेंगण्या जातीचा शेंडा पाच-सहा पानांवर एकदा खुडला की बाजूच्या फांद्या जोमाने येतात. उंच जातीचा खुडू नका. तिची खरी बहार मधल्या दांड्यावरच असते.

गौरीचा हिशेब

या पट्ट्यात तेरड्याचं खरं महत्त्व भाद्रपदात आहे. कोकणात आणि आगरी-कोळी घरांत अनेक ठिकाणी तेरड्याची मुळासकट उपटलेली रोपं हीच गौर. अनुराधा नक्षत्रावर तिला आणायची, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजायची, मूळ नक्षत्रावर निरोप द्यायचा. गोडदेव, नवघर, पेणकरपाडा, राई, मुर्धा ही गावं आता इमारतींच्या मधे दिसेनाशी झाली असली तरी घरातल्या रीती गेलेल्या नाहीत, आणि कोकणातून आलेली कुटुंबं तर मीरा रोडला भरपूर आहेत. गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात तेरड्याची जुडी जो भाव सांगते तो ऐकला की बाल्कनीतल्या दोन कुंड्यांची किंमत कळते.

पण गौर आपल्या तेरड्यासाठी थांबत नाही, आणि तिची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. साध्या वर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे येते, अधिक महिना मधे आला की एकदम पुढे उडी मारते. २०२५मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. ‘पाऊस पडला की पेरायचं’ हा गावाकडचा नियम म्हणूनच कधी जमतो, कधी चुकतो. गावात डोंगरभर तेरडा असतो, उशिरा-लवकर फुललेला कुठेतरी सापडतोच. दोन कुंड्या असणाऱ्याने हिशेब उलटा करावा. बी पेरल्यापासून पहिली फुलं यायला आठ ते दहा आठवडे लागतात. सावलीत वाढ थोडी मंद असते, म्हणून दहा धरा. पंचांगात गौरी आवाहनाचा दिवस पाहा आणि तिथून दहा आठवडे मागे या. २०२५साठी ही तारीख जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येत होती, २०२६साठी ती जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. निम्म्या कुंड्या या तारखेला पेरा आणि निम्म्या पंधरा दिवस आधी. आधीची खेप पावसाने लांबवली तरी वेळेवर येईल, आणि नंतरची फुलली नाही तरी कळ्यांनी भरलेली हिरवीगार असेल. गौरीला तेही चालतं.

गौरीसाठी रोप काढताना आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या, सकाळी कुंडी आडवी करून सबंध गड्डा बाहेर काढा आणि बादलीभर पाण्यात मुळांची माती सोडवा. ओढून उपटलात तर खोड हातात आणि मुळं कुंडीत, अशी गत होते. खोड पाण्याने भरलेलं असतं, वाकत नाही, काकडीसारखं मोडतं. मुळं ओल्या कापडात गुंडाळून ठेवली तर रोप तीन दिवस तग धरतं. विसर्जनानंतर ते निर्माल्य कलशात टाका किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात. पुन्हा लावून जगवण्याच्या फंदात पडू नका.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एकेका फुलापुरती बरोबर आहे. झाडाला ती लागू नाही, कारण प्रत्येक पानाच्या बेचक्यात पुढची कळी तयार असते आणि नीट सांभाळलेलं रोप महिना-दीड महिना फुलत राहतं. त्यासाठी गळलेली फुलं मातीवरून रोज वेचायची, कारण ओल्या पाकळ्यांवर बुरशी धरते, आणि धरलेली बोंडं बियांपुरती ठेवून बाकीची तोडायची.

पाणी, वारा, खत, आणि त्या अळ्या

जुलैत पाणी द्यावं लागत नाही. खंड पडला की द्यावं लागतं. तेरडा दुपारी पानं पाडतो आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतो. तो पडलेला दिसला की तांब्या घेऊन धावू नका; आधी बोट मातीत पेरभर खुपसा, ओल लागली तर परत फिरा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर ते मचूळ असू शकतं. खाडी आणि मिठागरं जवळ आहेत, जमिनीतल्या पाण्यात मीठ उतरतंच. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला किंवा पानांच्या कडा करपल्या तर हेच कारण. पावसाचं पाणी बादलीत धरा आणि तेच वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. त्यात क्षार जवळपास नसतात. मात्र कुंडीतून निथळलेलं मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडलं, तर पुढचे खुलासे तुमचे तुम्ही करा.

दहाव्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू पश्चिमेचा वारा. बाल्कनी पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर उंच तेरडा लावूच नका, आणि ठेंगण्यालाही उदबत्तीपेक्षा जरा जाड बांबूची काडी देऊन सुतळीने सैल बांधा. गच्च बांधलं तर वाऱ्याने खोड सुतळीवरच तुटतं. तळमजला, पहिला मजला किंवा शांतीनगरसारख्या जुन्या चार मजली इमारतींमधली कंपाउंडची पट्टी असेल तर वाऱ्याची चिंता नाही, पण तिथे पाणी साचतं. हा सगळा भाग खाचरं, खाजण आणि मिठागरं बुजवून उभा राहिला आहे. जमिनीत खालपर्यंत भराव आणि डेब्रिस. कंपाउंडच्या भिंतीलगत विटांचा वीतभर उंच वाफा करा, वरचं मिश्रण भरा आणि बी नऊ-दहा इंचांवर पेरा. झाडांच्या सावलीत अशी पट्टी श्रावणात फार सुंदर दिसते, आणि पुढच्या वर्षी निम्मी रोपं पडलेल्या बियांतून आपोआप येतात.

खत बेताने. नत्र जास्त झालं की पानांचं रान होतं आणि फुलं रुसतात, म्हणून युरिया नको. धो धो पावसात कुंडीतलं खत वाहून जातं, तेव्हा पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वर पसरणं पुरेसं. मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी गुणकारी असतं, पण पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये त्याचा वास दोन दिवस जात नाही. ज्यांना शेजारी आहेत त्यांनी हा प्रयोग करू नये.

रोगांत दोन लक्षात ठेवावेत. बुंध्याची कूज, तिचं कारण आणि उपाय मातीत आहे हे वर आलंच. कुजलेलं रोप वाचत नाही, लगेच काढून टाका. दुसरी भुरी. सप्टेंबरमध्ये पाऊस कमी होतो, दिवसा उकडतं, रात्री दमट असतं आणि पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी येते. पहिलं पान दिसताच तोडा, कुंड्यांमध्ये हात जाईल इतकं अंतर ठेवा, संध्याकाळी पानांवर पाणी मारणं बंद करा. तरी पसरली तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी अशी फवारणी सकाळी आठवड्यातून एकदा करा. फार झाली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही ऊन नसताना.

आणि अळ्या. एखाद्या सकाळी अर्धं झाड नुसत्या दांड्यांचं दिसेल आणि खाली काळपट गोळ्या पडलेल्या असतील. नीट शोधलं की करंगळीएवढी जाड, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटाला शिंग असलेली अळी सापडते. दिसायला भयंकर, पण चावत नाही, डंखही नाही. ती ससाणा-पतंगाची अळी. तिच्यासाठी औषध मारण्यात अर्थ नाही. एका झाडावर एक-दोनच असतात. कागदावर घ्या आणि कंपाउंडमधल्या रानटी झुडपांत सोडा. मुलं घरात असतील तर आधी त्यांना दाखवा.

कंटाळा आलाच तर

तेरड्याच्या जोडीला टोरेनिया लावून पाहा. निळी-जांभळी, घशात पिवळा ठिपका असलेली, वीतभर उंचीची ही फुलं सावलीत तेरड्याइतकीच खूश असतात आणि दमट हवेला भीत नाहीत. बी धुळीसारखं बारीक असतं. ते मातीने झाकायचं नाही, नुसतं ओल्या मिश्रणावर भुरभुरून वर पारदर्शक डबा पालथा घालायचा. ज्याच्या नावावरून हे नाव आलं तो ओलोफ तोरेन हा लिनेयसचा शिष्य, स्वीडिश जहाजावरचा धर्मोपदेशक. १७५०च्या सफरीत तो सुरतेला उतरला होता.

रोपवाटिकांत थंडीत ‘इम्पेशन्स’ म्हणून मिळणारी चपट्या फुलांची रोपं तेरड्याची आफ्रिकन चुलत भावंडं. ती घ्यायची तर नोव्हेंबरात घ्या आणि पूर्वेच्या, कोवळ्या उन्हाच्या खिडकीत ठेवा. उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा उजेड संपलेला असतो.

बियांची बोंडं हिरवी असतात तोवर काही करू नका. ती फुगून फिकट पडू लागली की बोट लावायच्या आत पातळ कापडाची किंवा कागदाची छोटी पिशवी त्यांवर बांधा, कारण पिकलेलं बोंड स्पर्शाने फटकन उकलतं आणि बी थेट शेजारच्या बाल्कनीत जातं. हे फोडण्याचं काम मुलांकडे द्यायला हरकत नाही, फक्त खाली ताट धरा. तपकिरी बी सावलीत आठवडाभर वाळवा, कागदाच्या पुडीत घालून वर रंग आणि वर्ष लिहा आणि पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेजारी-शेजारी वेगळे रंग फुललेले असतील तर पुढच्या वर्षी रंग मिसळून येतील. एकच शुद्ध रंग हवा असेल तर त्या रोपाची कुंडी फुलताना बाकीच्यांपासून दूर न्या.

ज्या कुंडीत रोप कुजून गेलं असेल तिची माती पुढच्या वर्षी तेरड्याला वापरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती गच्चीवर काळ्या प्लास्टिकवर पसरून, ओली करून, वरून पारदर्शक प्लास्टिकने झाकून चार आठवडे तापवा आणि मग पुदिन्याला किंवा अळूला द्या.